मेलेल्या बाईची भाकरी

"बंद करा ती पेटी. मेलेल्या बाईचा हात हाय तिच्यात."

पानटपरीवाला ओरडत होता. असा ओरडत होता, की कृष्णेच्या पल्याड चाललेली ऊसतोड थांबली असं लोक अजून सांगतात. दूध डेअरीच्या पडवीत टीव्हीसमोर गाव बसलं होतं. ते एकदम उठलं आणि दोन खांबांमधल्या फटीतून सगळ्यांनी एकाच वेळी बाहेर पडायचं ठरवलं. पडद्यावर एक बाई भाकरी थापत होती. टीव्हीपासून हातभर अंतरावर पोत्यावर एक आंधळी म्हातारी बसली होती. गाव पळालं, ती जागची हलली नाही. मान तिरकी करून तिनं कान जरा पुढं केला, एवढंच.

ती दुपार माझ्या कानातून अजून गेलेली नाही. घरात सूनबाई भाकरी करायला बसल्या की मी आजही उठून अंगणात जातो. त्यांना वाटतं, मामंजींना धुराचा त्रास होतो. घरात गॅस आहे.

नव्वदच्या दशकात मी पलूसच्या बाजूला फौजदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचंही नाही. त्यातली बरीच हयात आहेत. माझा दरारा तेव्हा असा होता, की माझी बुलेट वेशीवर आली की गावातली कुत्री भुंकायच्या आधी परवानगी घ्यायची. वाचकांनी यातलं थोडं कमी करून वाचलं तरी माझी हरकत नाही. पुढचं मात्र कमी होत नाही. मी बरीच वर्षं प्रयत्न करून पाहिला.

तर खबर अशी होती. दर रविवारी दुपारी केबलवर बायकांच्या स्वयंपाकाची स्पर्धा लागायची. सातारा-सांगलीकडच्या चार बायका, अर्धा तास, तीन पदार्थ, आणि भाकरी सगळ्यांना सक्तीची. शेवटी परीक्षक चाखून एकीला विजेती ठरवायचे. पाच रविवारच्या पाच विजेत्या अंतिम फेरीला जायच्या. पानटपरीवाला कोण जिंकणार यावर पैजा घेत होता. कोंबडा, घड्याळ, सायकल, जे असेल ते. एकानं मिशी लावली होती आणि तो हरला होता. महिनाभर तोंडाला उपरणं गुंडाळून हिंडत होता. खबऱ्याचं म्हणणं असं, की एक आंधळी म्हातारी चार रविवार निकाल आधीच सांगतेय. चारही वेळा बरोबर.

कार्यक्रम साताऱ्याला एका मंगल कार्यालयात आठवडाभर आधी चित्रित होतो हे मला माहीत होतं. म्हणजे निकाल फुटतोय. जुगार आणि फसवणूक, दोन्ही कलमं मी मनात लावून टाकली आणि पाचव्या रविवारी साध्या कपड्यांत, हवालदाराला घेऊन डेअरीच्या मागच्या रांगेत जाऊन बसलो. हवालदार माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. साध्या कपड्यांतही तो हवालदारच दिसायचा.

म्हातारीला पाहिलं आणि मी चपापलो. ती माझ्या ओळखीची होती.

चार महिन्यांपूर्वी तिनंच माझ्या ठाण्यात फिर्याद दिली होती. लेक बेपत्ता. जावई मारहाण करायचा. मी जावयाला उचलला. नदीकाठच्या उसाच्या कडेला बाईची एक चप्पल आणि लुगड्याचा फाटका पदर सापडला. जावयाला ठाण्यात फक्त बाकावर बसवलं होतं. मी नुसता समोर बसून चहा प्यायलो, आणि दुसऱ्या कपाला तो कबूल झाला. बांधावर भांडण झालं, कुदळीच्या दांड्यानं डोक्यात मारली, पडली, मी पळालो, परत आलो तर नदीनं नेली होती. न्यायाधीशांपुढंही त्यानं तेच सांगितलं. आठवडाभर नावा फिरवल्या, प्रेत मिळालं नाही. तरी कलम ३०२ लागलं, दोषारोपपत्र गेलं, माझी पाठ थोपटली गेली. जावई सांगलीच्या तुरुंगात खटल्याची वाट बघत होता. जन्मठेप तर नक्कीच होती, पुढचं न्यायालयाच्या मर्जीवर. गावानं बाईचे दिवसही घातले होते.

आणि आता त्या पाचव्या रविवारी, पडद्यावर कराडची एक व्यापाऱ्याची बायको भाकरी थापत असताना, म्हातारी शांतपणे म्हणाली होती, "हीच जिकनार. पन ही भाकरी हिची न्हाई. ह्यो माझ्या पोरीचा हात हाय."

मग तो पानटपरीवाला ओरडला.

आणि दहा मिनिटांनी, पडवीत मी, हवालदार आणि म्हातारी असे तिघंच उरलो असताना, परीक्षकांनी कराडच्या बाईला विजेती म्हणून जाहीर केलं.

पहिल्यांदा पानटपरीवाल्याला धरला. त्याची चौकशी टपरीतच केली. ठाण्यापर्यंत चालायला त्याचे पाय तयार नव्हते.

"निकाल कोण कळवतं तुला?"

"सायेब, मला कळवत असतं तर माझी सायकल गेली असती का? कोंबडा गेला, घड्याळ गेलं. समदं गाव म्हातारीच्या बाजूनं लावतंय आन् तिच्या इरुद्ध लावायला मी एकटाच. बायकू म्हनती आता मलाच लावा."

तो खरं बोलत होता. खोटं बोलणारा माणूस आपलं नुकसान इतक्या तपशिलानं सांगत नाही.

म्हातारीकडं दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी गेलो. सोबत पोलीसपाटील आणि अंगणवाडीच्या बाई घेतल्या. एकट्या बाईमाणसाचा जबाब असाच घ्यावा असा माझा शिरस्ता होता. घर म्हणजे एक खोली, एक पत्र्याची पेटी, एक चूल. दिवसाही आत दिसत नव्हतं. मी बटण चाचपडू लागलो.

"काय हुडकताय?" म्हातारी म्हणाली. "लाइट न्हाई. घेतलीच न्हाई. मला कशाला?"

"आजी, मला ओळखलंत का?"

"वळकलं की. डाव्या बुटाचा खिळा निघालाय तुमच्या. चार महिनं झालं, अजून बशीवला न्हाई."

हवालदारानं माझ्या बुटाकडं पाहिलं आणि मग छताकडं पाहिलं.

निकाल कसा कळतो, असं मी विचारलं. तिला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. ती मूळची पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली, मेंढरांमागं वाढलेली. डोळे लहानपणीच देवीत गेलेले. बाप तिला मेंढवाड्याच्या तोंडाशी बसवायचा. दीडशे मेंढरांतलं कुठलं खोकलं हे ती नुसतं ऐकून सांगायची. पुढं चुलीपाशी बसली ती तोच कान घेऊन.

"तेल तापायच्या आदी मव्हरी टाकली की ती बाई हारली," ती म्हणाली. "जिच्या बांगड्या लय वाजत्यात ती भ्यालेली असती. जी कांदा चिरताना श्वास धरती ती मीठ इसरती. आन् भाकरी तर काय, भाकरी माणसाचं नावच सांगती."

"आणि लेकीचा हात?"

"दोन थापा पुऱ्या, तिसरी अर्दी. तिचं करंगळीजवळचं बोट लहानपनी जात्याखाली सापडलं, ते टेकत न्हाई. मीच शिकिवली तिला थापाय. माझ्यापुढं बसून, माझ्या हातावर हात ठिवून. मला कळायचं न्हाई व्हय?"

"आजी, तुमचीच फिर्याद आहे. मारली म्हणून तुम्हीच लिहून दिलंय. आता जिवंत आहे म्हणालात, तर तो सुटेल."

तिनं चुलीतली राख हातानं चाचपली. मग म्हणाली, "त्यो सुटंल ह्ये मला बी कळतंय. पन जित्या लेकीचं दिवस घातल्यात मी. त्ये कसं फेडू?"

माझ्या मनात पोलिसी शंका आलीच. जावयाच्या भावांनी म्हातारीला फितवलं असेल. म्हणून मी तिची परीक्षा घेतली. शेजारच्या घरात, बंद दाराआड, तीन बायकांना एकीमागून एक भाकरी थापायला लावली. म्हातारी इकडं भिंतीला टेकून बसलेली. तिनं तिघींची नावं सांगितली. तिसरीच्या वेळी म्हणाली, "हिच्या डाव्या पायात काटा हाय, भार उजवीकडं टाकतीया." अंगणवाडीच्या बाईंनी जाऊन पाहिलं. बाभळीचा होता, इंचभर. पोलीसपाटलांनी टोपी काढून हातात घेतली आणि दिवसभर परत घातली नाही.

तरीही, फौजदारानं टीव्हीतल्या आवाजावर खुनाची केस फिरवायची म्हणजे वरिष्ठ मला सरळ मिरजेच्या मनोरुग्णांच्या दवाखान्यात बसवतील. मी आधी सांगलीला तुरुंगात गेलो. जावई चार महिन्यांत निम्मा झाला होता.

"तू तिला मारून पळालास. ती मेली हे तुला कशावरून कळलं?"

"पडली की सायेब. हलली न्हाई."

"नाकापुढं हात धरून बघितलास?"

मला वाटतं, हा प्रश्न त्याला चार महिन्यांत कुणी विचारला नव्हता, आणि न विचारणाऱ्यांत मीच पहिला होतो.

"न्हाई," तो म्हणाला. "भ्यालो."

तुरुंगाच्या दारातून बाहेर पडताना माझ्या पाठीवरची ती शाबासकी मला आतून टोचायला लागली.

बुधवारी साताऱ्याला गेलो. कार्यक्रमाचा निर्माता बारीक चणीचा, बोलताना सारखा चष्मा पुसणारा. त्याला म्हटलं, पाचव्या भागाची टेप लावा. लावली. कराडची बाई हसतेय, पीठ मळतेय, हातात सोन्याच्या पाटल्या. मग कॅमेरा हातांवर. त्याच पाटल्या, तेच पीठ. हवालदार पडद्याजवळ नाक नेऊन उभा राहिला आणि त्यानं बोट ठेवलं. डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट वर उचललेलं होतं, परातीला टेकत नव्हतं. त्याच्या आधीच्या दृश्यात, बाईच्या चेहऱ्यासकट, तेच बोट सरळ होतं.

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. माझे केस तेव्हा होते.

"हे हात कुणाचे?"

निर्मात्यानं चष्मा पुसला. परत पुसला. तिसऱ्यांदा पुसायला घेतला तेव्हा हवालदारानं तो हळूच त्याच्या हातातून काढून घेतला. मग तो बोलला. व्यापाऱ्याच्या बायकोची भाकरी परातीतच फाटत होती. तिनं घरची स्वयंपाकीण सोबत आणली होती. सगळे जेवायला गेले तेव्हा पाटल्या तिच्या हातात घालून नुसते हात घेतले. परीक्षकांनी चाखली तीही तिचीच भाकरी. "असं चालतं, साहेब," तो म्हणाला. "चेहरा एकाचा, हात दुसऱ्याचे."

त्याच दुपारी कराडला पोहोचलो. व्यापाऱ्याचं घर संगमाकडं जाणाऱ्या रस्त्याला. मालकीण आम्हाला बघून इतकी पांढरी झाली, की तिला बसवून पाणी द्यायला हवालदार आत निघाला. आणि दारातच थांबला.

आतून आवाज येत होता. दोन थापा पुऱ्या. तिसरी अर्धी.

खोटं कशाला सांगू, तीन दरोडेखोरांना मी एकट्यानं पकडलंय (पाच म्हणायची माझी सवय आहे, पण तीनच होते), तरी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून पाय उचलेना. आत एक बाई पाठमोरी बसली होती. कपाळापासून कानामागं गेलेला जखमेचा लांब वण. तिनं मागं वळून पाहिलं नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि विचारलं, "आयनं धाडलं का?"

"तुला कसं कळलं?"

"हात त्या काचंम्होरं गेला तवाच वाटलं, ह्ये आयच्या कानावर पडनार."

तिचा जबाब तिथंच घेतला, मालकिणीच्या देखत. मार खाऊन पडली ती संध्याकाळी शुद्धीवर आली. नदीच्या पाण्यात पदर भिजवून डोकं बांधलं, फाटलेला तुकडा तिथंच राहिला. एकाच पायात चप्पल घालून ताकारीच्या स्टेशनापर्यंत चालली, गाडीनं कराडला उतरली. वेगळं नाव सांगून कामाला लागली.

"नवरा तुझ्या खुनात आत आहे. ठाऊक आहे तुला?"

"ठाव हाय. शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर फोटू बगितला त्येचा."

"मग का नाही आलीस?"

तिनं भाकरी उलटली. "मी मेलेली व्हते तवर मला कुनी मारलं न्हाई, सायेब."

याला पोलीस नियमावलीत उत्तर नाही. मी शोधलं. हवालदार बाहेर ओट्यावर जाऊन बसला आणि बराच वेळ बूट घालत राहिला, बूट त्यानं काढलेलेच नव्हते.

कागदपत्रांत दोन-तीन दिवस गेले. रविवारी मी तिला जीपमध्ये घालून गावी निघालो. आईकडून ओळख पटवून पंचनामा करायचा होता. गावाला आधीच भयानं झपाटलं होतं, म्हणून जीप लांब ओढ्याजवळ वडाखाली उभी केली, हवालदाराला तिच्यापाशी ठेवलं आणि मी एकटा चालत गेलो. म्हातारीला आधी सांगावं, मग लेक पुढं करावी, असा बेत.

डेअरीच्या पडवीतला टीव्ही जागेवर नव्हता. पानटपरीवाल्यानं सांगितलं, मेलेली बाई भाकऱ्या करते ती पेटी गावात कुणालाच नको, म्हणून चौघांनी डोळे मिटून उचलली आणि म्हातारीच्या घरात नेऊन ठेवली. "तिची लेक, तिच्याकडं," तो म्हणाला. त्या दिवशी अंतिम फेरी होती. गाव घरात दारं लावून बसलं होतं. कुत्रं म्हणून रस्त्यावर नव्हतं.

म्हातारीचं दार उघडं होतं. ती एकटीच होती. पत्र्याच्या पेटीवर तो टीव्ही, आणि त्याच्यापुढं हातभर अंतरावर, पडदा अडवून ती, मान तिरकी करून. मी उंबऱ्यावर पाय ठेवला तसा तिनं हात वर केला.

"थांबा सायेब. निकाल हाय."

मी थांबलो. ती ऐकत होती. आत मला माशीचासुद्धा आवाज येत नव्हता. मिनिटभरानं तिनं मांडीवर हात आपटला.

"मेढ्याची जिकली. कराडची आज आलीच न्हाई, कशी यील? नाचनीची भाकरी केली मेढेवालीनं, लय निवांत हात." मग माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "आन् पोरीला वडाखाली कशाला बशीवलं? आना की."

ओढा तिथून दोन शेतं लांब होता. मी परत जाऊन लेकीला घेऊन आलो. म्हातारीनं तिच्या तोंडाला, वणाला हात लावला नाही. आधी तिचा डावा हात धरला, ते बोट चिमटीत धरून बघितलं आणि परातीकडं बोट दाखवलं. लेक मुकाट्यानं पीठ काढून बसली. पोलीसपाटील आणि अंगणवाडीच्या बाईंना पंच म्हणून बोलावलं, आणि त्यांच्या समोर एक भाकरी थापली गेली. तसा पंचनामा महाराष्ट्रात दुसरा झाला नसावा. "आवाजावरून व स्पर्शावरून ओळखले" असं लिहिताना माझं अक्षर वाकडं आलं.

लिहून झाल्यावर मान वर केली तेव्हा माझी नजर टीव्हीच्या मागं गेली. त्याची वायर तशीच गुंडाळून, सुतळीनं बांधून ठेवलेली होती. चौघांनी उचलून आणताना बांधली असावी, तशी. ती लावायला त्या घरात लाइटच नव्हती.

ठाण्यावर येऊन साताऱ्याला निर्मात्याला फोन लावला. तो घाबरून म्हणाला, साहेब, कराडच्या बाईंना आम्ही फेरीतून काढलं, शुक्रवारी नव्यानं चित्रण केलं, कुणालाही सांगितलेलं नाही. विजेती? मेढ्याच्या एक बाई. नाचणीची भाकरी.

जावयावरचं खुनाचं कलम गळालं. जबर दुखापतीचं राहिलं आणि त्यात त्याला शिक्षा झाली. ती मी मन लावून मिळवली. लेक कराडातच राहिली, स्वतःच्या नावानं. व्यापाऱ्याच्या बायकोनं तिला सोडली नाही, आणि भाकरी स्वतः करायचा नाद सोडला.

या केसनं मला एक शिकवलं, ते पुढच्या सगळ्या नोकरीत वापरलं. माणूस कबूल होतो तेव्हा तो जे झालं ते सांगत नाही, जे झालं असं त्याला वाटतं ते सांगतो. जावई खोटं बोलला नव्हता. मीही नव्हतो. आम्ही दोघांनी मिळून एका जिवंत बाईला कागदावर मारलं होतं, आणि तिलाही ते सोयीचं वाटलं, यातली लाज माझ्याकडं जास्त येते. त्यानंतर समोर खून कबूल करणारा कुणीही बसला, की मी चहा बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारायचो, नाकापुढं हात धरलास का?

दुसरं जे आहे, ते मला शिकता आलं नाही. म्हातारी जबाबावर अंगठा द्यायला ठाण्यात आली होती, तेव्हा तिच्या बोटाला शाई लावता लावता मी धीर करून विचारलंच.

"आजी, त्या रविवारी तुमच्या घरातला टीव्ही बंद होता. वायरसुद्धा जोडलेली नव्हती."

तिनं अंगठा उमटवला, पदराला पुसला.

"बंद व्हता व्हय?" ती म्हणाली. "मला कुनी सांगितलं न्हाई."